पोटाचं ऑपरेशन आणि सव्वा महिना

(गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



गेल्या बैठकीत आजचा विषय ठरवताना कुणीतरी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ‘पोट कमी करायच्या ऑपरेशनबद्दल सांगा.’ चिठ्ठी वाचली आणि हशा पिकला. नंतर चहाच्या वेळी चौघीजणी वेगवेगळ्या येऊन मला हळूच त्याबद्दल विचारून गेल्या. हसण्यात त्याही होत्या. तेव्हा आज हसणं बाजूला ठेवून बोलूया.

आधी माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात एक बाई यायच्या. दोन मुलं, दोन्ही वेळा सिझेरियन. आल्या होत्या रेशनकार्डाच्या कामाला. बोलता बोलता त्यांनी मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. आधीचं पोट, नंतरचं पोट, आणि खाली हप्त्यांची सोय. ‘ताई, हे असं खरंच होतं का?’ मी त्याचं उत्तर दिलंच नाही. बाजार बायकांच्या शरीराचं काय करतो यावर वीस मिनिटं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पदर सावरला आणि निघून गेल्या.

सहा महिन्यांनी कळलं की त्यांनी ऑपरेशन करून घेतलं होतं. माहेरी सांगितलं नव्हतं, आम्हाला तर नाहीच. आठव्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा घरात कुणी नव्हतं. त्यांनी दोन हंडे भरून उचलले. जखम मधोमध उसवली, आत पाणी साचलं, पुढे पू झाला. मग दोन महिने दिवसाआड ड्रेसिंगच्या फेऱ्या. मी भेटायला गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘तुम्हाला विचारलं होतं ताई. तुम्ही दुसरंच बोललात.’

तर आज त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. मी डॉक्टर नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात असताना शस्त्रक्रियेच्या वॉर्डात जे पाहिलं आणि सर्जनना विचारून जे समजून घेतलं, ते सांगते.

या ऑपरेशनला ‘टमी टक’ म्हणतात, डॉक्टरी भाषेत ‘अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी’. ते वजन कमी करण्याचं ऑपरेशन नाही. वजन आधी उतरवून काही महिने एका जागी स्थिर ठेवायचं असतं. पोटात आतड्यांभोवती जी चरबी असते तिला हे ऑपरेशन हात लावत नाही. मग करतात काय? आपल्या पोटावर मधोमध दोन उभे स्नायू असतात. गरोदरपणात त्यांच्यामधली पट्टी ताणली जाते आणि स्नायू बाजूला सरकतात. बाळंतपणानंतर बऱ्याचजणींचे ते पुन्हा जवळ येतात, काहीजणींचे येत नाहीत. घरी बघायचं असेल तर उताणं झोपून गुडघे वाकवा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं दाबून पाहा. दोन बोटांपेक्षा जास्त खाच लागली तर स्नायू फाकलेले असू शकतात. अशा बाईला लोक ‘कितवा महिना?’ विचारतात आणि ती बिचारी जेवण कमी करत बसते. जेवणाचा त्यात दोष नसतो. फिजिओथेरपिस्टकडून शिकून केलेल्या व्यायामाने पाठीचा आणि पोटाचा जोर पुष्कळ सुधारतो. तो मार्ग आधी धरावा. नेहमीच्या जोर-बैठकांनी मात्र असं पोट उलट पुढे येऊ शकतं. आणि लोंबणारी कातडी कुठल्याच व्यायामाने आवळत नाही, पट्ट्याने नाही, तेलानेही नाही. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण तेलांवर आपल्या बायकांचे फार पैसे गेलेत.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, साधारण दोन ते चार तास चालतं. सिझेरियनची आडवी खूण असते, त्याच रेषेत पण एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत छेद घेतात. कातडी फासळ्यांपर्यंत सोडवतात, स्नायू मधोमध शिवून जवळ आणतात, कातडी खाली ओढून जादा भाग कापून टाकतात. बेंबी आपल्या जागीच राहते, तिच्यासाठी वरच्या कातडीत नवीन भोक पाडतात. जाहिरातीत हे नसतं. बेंबीखालचे बरेचसे पांढरे वण कापलेल्या कातडीबरोबर जातात, वरचे राहतात. आणि त्यांच्या बदल्यात या कमरेपासून त्या कमरेपर्यंत एक लांब वण येतो. वर्षभरात तो फिका होतो, पुसला जात नाही. आपल्या कातडीवर वण जाड किंवा काळपट होण्याचा संभव असतो. तुमचा सिझेरियनचा किंवा कान टोचल्याचा वण गाठाळ झाला असेल तर तो सर्जनला मुद्दाम दाखवा.

पहिला आठवडा ताठ उभं राहता येत नाही. कमरेत वाकून चालायचं, गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं. पोटातून एक-दोन नळ्या बाहेर काढलेल्या असतात, साचणारं पाणी त्यांतून येतं. बहुतेकींना घरी त्यांच्यासह सोडतात. रोज किती पाणी आलं ते मोजून लिहायचं असतं. खोकला, शिंक, हसू, सगळंच दुखतं. संडासला जोर करायचा नाही. बेंबीखाली महिनोन् महिने बधिरपणा राहतो, काहींचा थोडा कायमचा राहतो. तिथे गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका. भाजलेलं कळत नाही.

भीती घालायची नाही, पण दोन गोष्टी गंभीर आहेत. पडून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून सांगतील तेव्हापासून, वाकून का होईना, चालायला लागायचं. एकच पोटरी सुजली, दुखली किंवा एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. गर्भनिरोधक गोळ्यांनी हा धोका वाढतो. त्या चालू असतील तर सर्जनला आधीच सांगा.

दुसरी गोष्ट मिश्रीची. तुम्ही हसाल, पण हे नीट ऐका. सर्जन विचारतात, ‘सिगरेट ओढता का?’ आपली बाई म्हणते, ‘छे हो!’ आणि संध्याकाळी मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. या ऑपरेशनमध्ये कातडीचा मोठा पापुद्रा सोडवलेला असतो. त्याच्या कडेला रक्त पोचलं नाही तर ती काळी पडते, मरते. म्हणून तंबाखू ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी आणि नंतर जखम भरेपर्यंत बंद हवी. सासूसमोर कबूल करायची लाज वाटत असेल तर सासूला बाहेर बसवा, पण डॉक्टरांना खरं सांगा. रक्ताचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या आपल्या देशातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. आधी हिमोग्लोबिन वाढवायचं, मग बाकीचं.

पुढे मूल हवं असेल तर आत्ता करू नये, शिवलेलं सगळं पुन्हा ताणलं जातं. ‘सिझेरियनच्याच वेळी उरकून घ्या’ असं कुणी म्हटलं तर तेही ऐकू नये. तेव्हा पोट सुजलेलं, ताणलेलं असतं. बाळंतपणानंतर निदान सहा महिने आणि अंगावरचं पाजणं थांबल्यावरच याचा विचार करतात.

आता त्या हंड्याकडे येते. सहा आठवडे जड उचलायचं नाही. जड म्हणजे चार-पाच किलोच्या वर. भरलेला हंडा, गॅसची टाकी, ओल्या चादरींची बादली, दोन वर्षांचं मूल. म्हणजे आपल्या घरातलं जवळजवळ सगळंच. सहा आठवडे हा सव्वा महिन्याहून थोडा जास्तच काळ झाला. बाळंतिणीला सव्वा महिना मिळतो (मिळतो म्हणतात, सगळ्याजणींना मिळत नाही हे आपण जाणतो), कारण तिने घराला मूल दिलेलं असतं. तिच्यासाठी आळीव येतात, डिंकाचे लाडू होतात. या ऑपरेशनमागून घराला काहीच मिळत नाही. मग ‘हौस तुझी, सोस तू’ असं ऐकावं लागतं. गंमत अशी की पोटावरून टोमणे मारणारे आणि हे म्हणणारे पुष्कळदा तेच असतात. सल्ला केंद्रात आता कुणी या ऑपरेशनबद्दल विचारलं तर मी आधी नवऱ्याबद्दल विचारत नाही. तुमच्या घरी पाणी कोण भरतं, हे विचारते.

पैशांचं थोडक्यात. खासगीत खर्च लाखाच्या पुढे जातो आणि निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा पैसे देत नाही. बेंबीचा हर्निया असेल तर त्याची दुरुस्ती हा उपचार धरला जातो, तेव्हा हर्निया आहे का ते आधी तपासून घ्या. सर्जनची पदवी विचारायला लाजू नका. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. हवी. भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही झालं तर कुठे नेणार, हेही विचारा.

आणि सही. सही आपली आपण करायची. एका बाईला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सज्ञान बाईऐवजी दुसऱ्याची संमती चालत नाही, आणि जीव वाचवण्याची निकड नसेल तर एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला लागू पडत नाही. आईची चालत नाही तर नवऱ्याची कशी चालेल? हर्नियासाठी गेलेल्या बाईचं ‘पोटही त्यातच करून टाका’ असं बाहेरच्या बाहेर ठरता कामा नये. तसंच, तिला स्वतःला हवं असेल तर ‘तुला कशाला हवंय?’ म्हणून आपणही आडवं येऊ नये. पोटाच्या घडीखाली उन्हाळाभर चिघळणारी कातडी आणि दुखरी पाठ तिची असते, आपली नसते. तिला फक्त आरशात बरं वाटायला हवं असेल, तरी त्याची सफाई तिने आपल्याला का द्यावी? मला आजही अशी जाहिरात पाहिली की चीड येते. ती चीड जाहिरातवाल्यावर काढावी, विचारायला आलेल्या बाईवर नाही, एवढं मी त्या ड्रेसिंगच्या फेऱ्यांमधून शिकले.

पुढच्या महिन्यात आपल्यातल्या एकीचं बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन आहे, स्नायूही त्याच वेळी शिवणार आहेत. सगळं विचारून, स्वतः ठरवून ती जाते आहे. तिच्या सांगण्यावरूनच हे इथे बोलते आहे. तिच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं. सहा आठवड्यांच्या पाळ्यांचा कागद दाराजवळ लावला आहे. डब्यांची नावं भरली आहेत. पाण्याच्या मंगळवार आणि शुक्रवारच्या पाळ्या अजून रिकाम्या आहेत.