गार सदरा आणि मजुराचा मेंदू



वैशाखात वाशीम जिल्ह्यातील रस्त्याच्या वा बांधबंदिस्तीच्या कामावर जाणारा मजूर उन्हाविरुद्ध एकच साधन सोबत नेतो : डोक्याला गुंडाळलेला ओला दुपट्टा. त्यामागे पक्के शास्त्र आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. विदर्भातील एप्रिल-मेची हवा कोरडी असल्याने कापड भराभर वाळते व अंग निवते. मृगाच्या आधी हवा दमट झाली की हीच युक्ती लंगडी पडते. शिवाय कापड भिजवायला पाणी हवे. जेथे पिण्याचे पाणीच हंड्यांनी वाहावे लागते, तेथे दुपट्टा दुसऱ्यांदा भिजवणे हीही चैन ठरते. आणि कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात मजुराच्या अंगावर पुष्कळदा स्वस्त म्हणून घेतलेला कृत्रिम धाग्याचा सदरा असतो.

विज्ञान मात्र थांबलेले नाही. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या अंगात नळ्यांतून गार पाणी खेळवणारा पोशाख होता. जपानमधील बांधकाम कामगार पंखे बसवलेली जाकिटे घालतात. म्हणजे साधन उपलब्ध आहे. ते कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या हितासाठी यावे, हा खरा प्रश्न आहे.

उष्णतेचा घाव केवळ स्नायूंवर होत नाही. बोस्टन येथील ४४ तरुण विद्यार्थ्यांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. उष्णतेच्या लाटेत वातानुकूलित नसलेल्या खोल्यांत राहणाऱ्यांना चाचणीत उत्तर देण्यास सुमारे १३ टक्के अधिक वेळ लागला. ते तर छपराखाली होते. रोलरमागे वा मळणीयंत्रापाशी उभ्या असलेल्या मजुराचे भान क्षणभर सुटले, तर त्याची किंमत हातापायांनी मोजावी लागते. पण हजेरीपटाच्या लेखी मजूर म्हणजे दोन हात. त्याला मेंदू आहे, याची नोंद त्यात नसते.

कायद्याने काही दिलेच नाही, असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी देणे बंधनकारक केले होते. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पाणी, सावली व प्रथमोपचार यांची तरतूद होती. त्याआधीच महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मान्य केला होता. परंतु मजुरी बांधली गेली ती कामाच्या मापाशी. सावलीत घेतलेला विसावा मापात उणा पडतो. म्हणून सावली कागदावर असूनही बाई उन्हातच खणत राहते.

या व्यवस्थेत गार सदरा नुसताच आला, तर त्याच्या आधारे दुपारचे आणखी दोन तास काम करून घेतले जाईल आणि दिलासा देणारे वस्त्र चाबूक बनेल. आंध्र प्रदेशाने उन्हाळी भत्ता म्हणून एप्रिल-मेमध्ये मापात ३० टक्के सूट दिल्याचे उदाहरण आहे. तेव्हा मागणीचा क्रम स्पष्ट हवा : प्रथम मापात सूट व पगारी दुपारची सुट्टी, मग पाणी व सावली, आणि त्यांच्या जोडीला, काम देणाऱ्याच्या खर्चाने, सुती वा गार वस्त्र.

१ मे हा कामगार दिन आणि महाराष्ट्र दिनही. त्या दिवशीच्या ग्रामसभांत वाशीम जिल्ह्यातील मजुरांनी हा ठराव मांडावा.