वाघ भारी का सिंह भारी?



सोलापुरात ज्याचे बालपण गेले, त्याला 'वाघ भारी का सिंह भारी' हा वाद नव्याने सांगावा लागत नाही. मकरसंक्रांतीस सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा, भरून होम मैदानावर पाळणे उभे राहिले, की यात्रेहून परतणाऱ्या मुलांत या प्रश्नाचा जो काथ्याकूट सुरू होई, तो सिद्धेश्वर तलावाच्या काठी दिवेलागण झाली तरी मिटत नसे. पुढे 2024 च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक नर वाघ शेकडो किलोमीटरांचा मुलूख तुडवीत धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात आणि तेथून आपल्या बार्शी तालुक्यात येऊन पोहोचला, तेव्हा हाच वाद थोरांच्या तोंडी मी पुन्हा ऐकला. मात्र आता सिंहाच्या जागी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा लांडगा उभा करण्यात आला होता.

हा प्रश्न पोरकट आहे असे मला वाटत नाही. कोणत्या प्राण्याचे वजन किती, तो एकटा राहतो की कळपाने, दबा धरतो की पाठलाग करतो, हे जाणल्यावाचून या वादात एक पाऊलही टाकता येत नाही, आणि प्राण्याकडे लक्षपूर्वक पाहण्याची पहिली ओढ पुष्कळांना याच वादातून लागलेली असते.

सिंह-वाघाचा फैसला मागाल, तर माझे मत वाघाच्या बाजूने पडेल. गीरच्या पूर्ण वाढीच्या नराचे वजन साधारणतः 160 ते 190 किलो भरते, तर आपल्याकडील वाघाचा नर 200 किलोंच्या पलीकडे सहज जातो. परंतु सिंहाला आयाळीचे संरक्षण असते, कळपावरील हक्कासाठी अन्य नरांशी झुंजण्याचा त्याला सराव असतो, आणि तो रणांगणी एकटा येईलच असेही नाही, तेव्हा एकास एक हीच अट मुळात वाघाच्या सोयीची आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य हिंदुस्थानच्या रानांतून हे दोघेही नांदत होते. आज सिंह सौराष्ट्रापुरता उरला आहे आणि तेथे वाघाची वस्ती नाही, म्हणजे वादी आणि प्रतिवादी एका हद्दीतच राहिलेले नाहीत.

प्राण्यांच्या झुंजी प्रत्यक्ष लावून पाहण्याची हौसही आपल्या संस्थानांतून झाली. बडोद्यास गायकवाडांच्या अमदानीत त्यासाठी अगड बांधलेला होता, तेथे हत्तींच्या टकरी होत. कोल्हापुरातही साठमारीचे खेळ चालत. तथापि या खेळांची साक्ष मी ग्राह्य धरीत नाही, कारण ज्या प्राण्याची निघून जाण्याची वाटच भिंतीने बंद केली आहे, त्याच्या वर्तनावरून त्याच्या रानातील स्वभावाचा निर्णय करता येत नाही. पुण्यात जन्मलेल्या दामू धोत्र्यांनी अमेरिकेतील सर्कशीत बिबळे, प्यूमा आणि जॅग्वार यांसारखी भिन्न जातींची श्वापदे एकाच पिंजऱ्यात वागवून दाखविली. तेव्हा पिंजऱ्यात वैर जसे पेटविता येते, तसे ते निवविताही येते.

रानात वाट मोकळी असते, आणि शहाणा प्राणी बहुधा तीच धरतो. जखमी वाघासाठी दुसरा कोणी शिकार करून आणीत नाही. पंजा निकामी झाला की उपासमार ठरलेली. जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँमधील मुक्तेसरच्या वाघिणीची हकीकत लिहून ठेवली आहे. एका साळिंदराशी झालेल्या टकरीत तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या उजव्या पायात सुमारे पन्नास काटे शिरले. नित्याची शिकार साधेना, म्हणून ती पुढे माणसांवर उलटली आणि तिने 24 माणसे मारली. जिचा एक फटका रेड्याला लोळवू शकतो, तिला दहा-पंधरा किलोंच्या जनावराने जन्माचे पंगू केले, हे ध्यानी घेतले म्हणजे पंधरा-वीस किलोंच्या रानकुत्र्यांचा कळप समोर ठाकला असता वाघ कधी कधी आपली शिकार टाकून का निघून जातो, हेही उमगते.

आता आपल्या लांडग्याकडे येतो. त्याचे वजन अवघे वीस किलोंच्या आसपास. समोरासमोर गाठ पडली, तर वाघापुढे तो क्षणभरही टिकणार नाही. पण नान्नजचा माळ वाघाच्या कामाचा नाही. दबा धरण्यास तेथे झाडी नाही, आणि उघड्यावर काळवीट ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरांच्या वेगाने निघून जाते. त्याच माळावर एक लांडगा कळपाला उठवतो आणि दुसरा ओघळीत पोट टेकून वाट पाहत पडतो. बार्शीकडे आलेल्या वाघाला अखेर गुराढोरांवर गुजराण करावी लागली. लांडगा मात्र या माळावर पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. म्हणून लढाईत वाघ आणि मुलखात लांडगा, असा माझा निकाल आहे.

याच माळावर माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले. पंधरा किलोंपर्यंत वजनाचा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, आणि पिलावर संकट आले, की मादी पाय लोंबकळत ठेवून वेडीवाकडी भरारी घेत शत्रूचे लक्ष आपल्याकडे ओढते. लांडगा-खोकडांपुढे ही युक्ती युगानुयुगे पुरली. नांगराखाली गेलेल्या माळापुढे आणि विजेच्या तारांपुढे ती पुरली नाही. आज नान्नजला माळढोक दिसलाच, तर एखादा दिसतो, आणि हे सांगताना मला अतिशय दुःख होते.

लांडग्याची अवस्था तशी होऊ नये. 2022 च्या गणनेत देशात 3,682 वाघ असल्याचा अंदाज निघाला. लांडगे त्याहून कमीच, 3,000 च्या आसपास असावेत, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही पहिल्याच अनुसूचीत स्थान दिले आहे. लांडग्याची खरी टक्कर वाघाशी नसून धनगराच्या वाड्याशी आहे, आणि मेंढरू गमावलेल्या माणसाचा संताप मी खोटा मानीत नाही. माझे ऐकणाऱ्या मेंढपाळ बांधवांना माझी हात जोडून विनंती आहे, की लांडग्याने मेंढरू मारल्यास मेलेल्या जनावरात विष घालू नये. त्या जनावरास न हलविता वन खात्याला ताबडतोब वर्दी द्यावी, पंचनामा करवून घ्यावा आणि सरकारी नुकसानभरपाईचा अर्ज दाखल करावा.