सर्वांचं पान एकदम



मुंबईत वरळीला बी. डी. डी. चाळी. तिथे गिरणी कामगारांची मोठी वस्ती होती. खोली एक, खाणारी तोंडं सात-आठ. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. वाणी उधारी तरी किती देणार? कित्येकांनी बायकापोरं गावी धाडली.

अशी वेळ कुणावरही येते. तेव्हा काय शिजवायचं, ते आम्ही सांगतो.

वाटीभर मटकी रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा. मोड आले की ती फुगते, उसळ घरभर पुरते. भाताची पेज ओतून देऊ नका. तांदळाचा कस तिच्यात उतरतो. मीठ घालून पोरांना द्या. मुळ्याचा पाला बेसन पेरून परता. वरळीला कोळीवाडाही आहे. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. म्हणून सुका जवळा उन्हाळ्यातच भरून ठेवा. मूठभर जवळा अन् दोन कांदे, झालं भाकरीला कोरड्यास!

आता जरा बोचरं बोलतो. घरची बाई सर्वांच्या मागून जेवते. टोपाला लागलेली खरवड खाते. महागाई आली की पहिलं पोट तिचंच कापलं जातं. याला आम्ही काटकसर म्हणत नाही. भाकऱ्या मोजा, सर्वांची पानं एकदम वाढा. ती पोटुशी असेल, अंगावर पाजत असेल, तर तिला एक भाकरी जास्त. मग ती गड्याच्या पानातून काढावी लागली तरी चालेल.