वैरणीची धूळ, शिंका आणि आपण

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून दिलं आहे.)



आज मी हप्त्यांबद्दल बोलणार नाही, नोंदवह्यांबद्दलही नाही. आज शिंकांबद्दल बोलायचंय. हसू नका. कडबा कापताना, भुसकट भरताना, गोठा झाडताना कुणाकुणाला शिंका येतात, डोळे खाजतात, रात्री खोकल्याची उबळ येते? सभेत हा प्रश्न विचारला तेव्हा आधी तीनच हात वर आले. मग शेजारणीकडे बघत बघत निम्म्या जणींनी हात वर केले. घरी बसून वाचणाऱ्या ताई, तुमचाही हात मनातल्या मनात वर गेला असेल, तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. माझ्या भाड्याच्या खोलीत एक ससा आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. एमएसडब्ल्यू शिकत असताना एका मैत्रिणीने पाळला होता. ती गावी गेली आणि ससा माझ्याकडे राहिला. आहे मादी, नाव चिंगी. "म्याडम, दूध किती देते हो?" म्हणून तुम्ही माझी किती चेष्टा केली आहे ते मी विसरलेले नाही.

ससा म्हटलं की आपल्याला गाजर आठवतं. पण सशाचं खरं जेवण म्हणजे वाळलेलं गवत. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. आतडंही गवतानेच चालू राहतं. ससा अर्धा दिवस काहीच खाईना तर डॉक्टरकडे पळावं लागतं. म्हणजे घरात ससा असेल तर घरात वाळलेलं गवत असणारच.

मागच्या दिवाळीनंतर मी स्वस्तात मिळालं म्हणून एक भारा घेतला. अवकाळी पावसात भिजून पुन्हा वाळवलेलं गवत होतं ते. कुबट वास येत होता, पण मी दुर्लक्ष केलं. चार दिवसांत शिंका सुरू झाल्या, नाक गळायला लागलं, डोळे लाल. पंधरा दिवसांनी रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली. घरमालकीणकाकू म्हणाल्या, "ससा देऊन टाक." आई फोनवर म्हणाली, "ससा देऊन टाक." मला राग यायचा. मुक्या जीवाला असं कसं देऊन टाकायचं?

आणि त्याच महिन्यात मी काय केलं ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

आपल्याच एका समूहातल्या ताई आहेत. नाव सांगत नाही, त्यांना विचारूनच बोलते आहे. समूहाच्या कर्जातून त्यांनी तीन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. करडं धरून आता सात झाल्या. त्यांना दोन वर्षांपासून दम लागत होता. कुट्टी केली की रात्रभर उशाला टेकून बसायच्या. पण कुणाला सांगितलं नाही. का? तर समूहातल्या बायका म्हणतील, हिच्याच्याने काम होत नाही, ही कर्ज कसं फेडणार? त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी पटकन बोलून गेले, "ताई, तब्येतीपेक्षा शेळ्या मोठ्या नाहीत. विकून टाका."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्याडम, तुम्ही तुमचा ससा दिला का?"

मला उत्तर देता आलं नाही. माझा ससा मला रुपयाही कमवून देत नाही, तरी मला तो सोडवत नव्हता. आणि ज्या शेळ्यांवर पोरीची फी चालते, त्या विकायला मी एका वाक्यात सांगून मोकळी झाले होते. त्या दिवशी ठरवलं की जनावर विकायचा सल्ला सगळ्यात शेवटी द्यायचा. त्याआधी जे करता येतं ते नीट शिकून घ्यायचं. मग आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडे गेलो, पशुसखीला विचारलं, घरी करून बघितलं. त्यातून जे कळलं ते आज सांगते.

धुळीत असतं काय?

वैरणीची धूळ म्हणजे नुसती माती नाही. त्यात गवताचे परागकण असतात, बुरशीची बारीक भुकटी असते, साठवलेल्या चाऱ्यात होणारे डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. काही जणींचं शरीर यातल्या एखाद्या गोष्टीला शत्रू समजतं आणि शिंका, पाणी, खाज यांनी ती बाहेर काढायला बघतं. यालाच अॅलर्जी म्हणतात. हा आपला नाजूकपणा नाही, कामचुकारपणा तर नाहीच. एकाच गोठ्यात सासूला काही होत नाही आणि सुनेला दम लागतो, असं होऊ शकतं. तेव्हा "आम्ही नाही का आयुष्यभर केलं?" हे बोलणं थांबवूया.

त्रास जनावराचा आहे की चाऱ्याचा, हे आधी ओळखा. जनावराच्या कोंड्याची, लाळेची, मुताचीही अॅलर्जी होते. मी आठ दिवस वहीत लिहिलं. चिंगी मांडीवर बसली तर काही नाही. गवताचा कोपरा झाडला की दहा मिनिटांत शिंका. म्हणजे माझा चोर गवतात होता. तुम्हीही लिहा: कोणतं काम केलं, किती वेळाने त्रास झाला, रात्री झोप लागली का. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. ही वही डॉक्टरांना दाखवली की त्यांचं काम सोपं होतं.

बांधावरचं गाजरगवतही विसरू नका. १९५५ च्या सुमारास ते आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात दिसलं आणि आता कुठल्या गावात नाही? त्याच्या फुलांनी शिंका येतात, अंगाला लागलं तर खाज आणि पुरळ उठतं. ते फुलावर यायच्या आधी, हातात मोजे घालून, मुळासकट उपटायचं. चाऱ्यात येऊ द्यायचं नाही.

चारा साठवताना

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ओल. अर्धवट वाळलेला कडबा किंवा भुसकट रचलं की आतून तापतं आणि बुरशी धरतं. गंजीत हात घालून बघा. आत गरम लागलं, कुबट वास आला, पांढरी-काळी भुकटी उडाली, तर तो चारा बाजूला काढा. बुरशीचा चारा जनावरालाही घालू नये, गाभण शेळीला तर मुळीच नको. फेकून देताना जीव जातो, मला माहीत आहे. पण तो उकिरड्यावरच बरा.

गंजी जमिनीवर रचू नका. खाली लाकडं किंवा दगड टाका, वरून ताडपत्री घाला, बाजूने वारा खेळू द्या. आणि निजायच्या खोलीत भुसकटाची पोती नकोत. जागा नाही हे मी बघते आहे, पण निदान ज्या कोपऱ्यात दम लागणारी बाई आणि लेकरं झोपतात, तिथून पोती हलवा.

काम करताना

पहिलं, पाणी शिंपडा. कुट्टी करायच्या आधी पेंढ्या बाजूला घेऊन त्यांच्यावर हलकं पाणी मारा. मशीनवर नाही, मोटारीवर नाही, आणि ओल्या हाताने बटण दाबायचं नाही. भुसकटही गव्हाणीत टाकायच्या आधी टोपल्यात थोडं ओलसर करा. भिजवलेलं त्याच दिवशी संपवा, नाहीतर पुन्हा बुरशी. मी चिंगीचं गवत गच्चीवर नेऊन झटकते, मग पाण्यातून काढून देते. ती तक्रार करत नाही.

दुसरं, वारा बघा. धूळ आपल्यापासून पलीकडे जाईल अशा बाजूला उभं राहा. बंद खोलीत कुट्टी नको.

तिसरं, पदराबद्दल. पदर नाकाला बांधला की आपल्याला वाटतं झालं. पण पदराने मोठा कचरा अडतो, बारीक धूळ आत जातेच. करोनात आलेले एन ९५ मास्क आठवतात ना? ते नाकावर घट्ट बसले तर बारीक धूळही बरीचशी अडवतात. भिजला, मळला, दोरी सैल झाली की टाकून द्या. आणि कुट्टी मशीनजवळ पदर, ओढणी, मोकळे केस नकोत. ते आवळून बांधा. यावर दोनदा बोलायची वेळ येऊ नये.

चौथं, गोठा झाडताना आधी पाण्याचा सडा, मग खराटा. काम झालं की हात, तोंड धुवा, लुगडं बदला, डोकं झटकून विंचरा. धुळीचे कपडे अंथरुणावर ठेवू नका. नाहीतर रात्रभर तीच धूळ उशाशी.

औषधाबद्दल

शिंकांवरच्या काही गोळ्यांनी झोप येते. सेट्रिझिन त्यातलीच. ती घेऊन कुट्टी मशीनवर बसायचं नाही. शेजारणीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. कुणी दम्याची पुडी देत असेल, घेतल्या घेतल्या बरं वाटत असेल, तर सावध राहा. काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड असतं. ते वर्षानुवर्षं पोटात गेलं तर साखर वाढते, बीपी वाढतो, हाडं ठिसूळ होतात. पण बरेच महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि खरं सांगा.

पंपाची भीती काढून टाका. पंपाने सवय लागत नाही. औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून ते फार थोडं लागतं. कसा ओढायचा ते डॉक्टर किंवा सिस्टरकडून समोर करून शिका, कारण चुकीचा ओढला तर औषध घशातच राहतं. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरा. आपल्या त्या ताई पंप पिठाच्या डब्यात लपवून ठेवायच्या, पोरीचं लग्न ठरायचंय म्हणून. आता तो देवळीत असतो.

काही गोष्टींत थांबायचं नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर "धुळीचा आहे" म्हणून बसू नका. थुंकी तपासून घ्या. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. बुरशीच्या चाऱ्यात काम केल्यावर चार ते आठ तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, खोकला, दम असं होत असेल आणि पुन्हा पुन्हा होत असेल, तर ती साधी अॅलर्जी नसेल. डॉक्टर त्याला फार्मर्स लंग म्हणतात. ते अंगावर काढलं तर फुफ्फुस कायमचं कडक होऊ शकतं. तेव्हा "मी कुट्टीचं काम करते" हे डॉक्टरला स्वतःहून सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका. आणि बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर १०८ ला फोन. सकाळची वाट बघायची नाही.

शेवटची आणि अवघड गोष्ट

हे सगळं करूनही धूळ उरतेच. मग कुणाचा श्वास जातो? बहुतेक घरांत कुट्टी बाई करते, भुसकट बाई भरते, गोठा बाई झाडते, आणि पुन्हा चुलीच्या धुरात तीच बसते. कामं वाटून घेतल्याशिवाय नुसता मास्क पुरायचा नाही.

ताईंच्या घरी आम्ही हेच बोललो. मी आणि समूहाच्या अध्यक्षताई गेलो होतो. दादा आधी म्हणाले, "बाईमाणसाचं काम आहे." अध्यक्षताई म्हणाल्या, "शेळी विकल्यावर पैसे मोजायला तुम्हीच बसता ना, मग कुट्टीलाही बसा." दादा हसले, पण दुसऱ्या दिवसापासून कुट्टी ते आणि थोरला मुलगा करतात. ताई धारा काढतात, करडं बघतात, शेळ्या चारायला नेतात.

ताई पूर्ण बऱ्या झाल्या का? नाही. सोयाबीनची मळणी सुरू झाली की अजून त्रास होतो, तेव्हा आठ दिवस त्या माहेरी जातात. पण रात्री आडव्या होऊन झोपतात. दोन शेळ्या विकल्या, त्या बाजार चांगला होता म्हणून. पाच दावणीला आहेत. हप्ता थकलेला नाही.

माझी चिंगीही आहे. गवताचं पोतं आता गॅलरीत असतं, मी चांगल्या वाळलेल्या गवताला जास्त पैसे देते, झाडायच्या आधी मास्क लावते. कधी कधी शिंका येतात.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की पाच मिनिटं द्या. प्रत्येकीला विचारा: वैरणीचा त्रास कुणाला होतो? जिने हात वर केला, तिच्या कर्जाबद्दल त्या दिवशी अवाक्षर काढायचं नाही. तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, तेवढंच ठरवायचं आणि वहीत लिहायचं.