लॅपटॉप आज घ्यावा की थांबावे?



वाकड हे एकेकाळी मुळा नदीकाठचे शेतीचे गाव. आज त्याच्या एका अंगाला हिंजवडीच्या संगणक कंपन्या आहेत, मधून मुंबई-बंगळूर रस्ता जातो आणि दुसरीकडे भोसरी-चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागलेली आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तेव्हापासून मावळ, खेड, जुन्नरकडची कितीतरी मुले या पट्ट्यात कामाला आली. त्यांतली काही आता वाकडला तिघाचौघांत एक फ्लॅट भाड्याने घेऊन राहतात. दिवसा नोकरी करतात, आणि रात्री स्वतःच्या हिमतीवर एखाद्या टूलरूमला डायचे नाहीतर फिक्श्चरचे ड्रॉइंग करून देतात. पूर्वी या कामाला ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर लागे. आता लॅपटॉप लागतो, आणि तोही साधा नव्हे. पैसे मात्र पुष्कळदा गावाकडच्या कांद्याच्या पट्टीतूनच यायचे असतात. म्हणून हा प्रश्न वाकडचा तसाच तुमच्या ओसरीवरचाही आहे.

प्रश्न असा. दुकानदार म्हणतो, मागच्या सालचे वर्कस्टेशन आहे, मोठी सवलत देतो, आज न्या. मित्र म्हणतात, थांब, नवे मॉडेल येतेय. कोणाचे ऐकावे?

आधी वर्कस्टेशन म्हणजे काय ते पाहू. दिसायला तो लॅपटॉपच, पण अंगाने जड. यंत्राचे सुटे भाग पडद्यावर उभे करून फिरवून पाहायचे, तर चित्र काढणारा वेगळा भाग, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, दणकट लागतो. कॅटिया, सॉलिडवर्क्स यांसारखे प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपन्या ठरावीक यंत्रांवर आपला प्रोग्रॅम तपासतात आणि चालणाऱ्या यंत्रांची यादी प्रसिद्ध करतात. वर्कस्टेशनला जादा पैसे मोजायचे ते मुख्यतः या भरवशाचे. ज्याला पत्रव्यवहार करायचा आहे, हिशेब लिहायचे आहेत, त्याने हे यंत्र घेणे म्हणजे दुधाचा रतीब घालायला ट्रक घेण्यासारखे आहे.

आता बापलेकांचे बोलणे कसे चालते बघा. मुलगा फोनवर म्हणतो, "आण्णा, पैसे इतक्यात पाठवू नका. चार महिन्यांनी नवं मॉडेल येतंय." आण्णा विचारतात, "मग चार महिने काम कशावर करणार रे तू?" मुलगा म्हणतो, "तोवर मित्राचा वापरीन, रात्री मोकळा असला तर." माझ्या मते या सगळ्या वादात खरा प्रश्न विचारला तो आण्णांनी. लॅपटॉपवाली मंडळी वेगाचे आकडे सांगतात. थांबण्याचा खर्च कोणी सांगत नाही.

तो खर्च मांडून पाहू. समजा, सवलतीचे यंत्र ९५ हजारांना मिळते, आणि नवे येईल ते एक लाख ४० हजारांना. हातात दरमहा १२ हजारांचे काम आहे, पण यंत्राअभावी ते करता येत नाही. चार महिने थांबला तर ४८ हजार गेले, वर नव्याचे ४५ हजार जादा मोजावे लागले. नवे यंत्र इतके वेगवान हवे की त्याने हे ९३ हजार भरून काढावेत. बहुधा ते काढत नाही. पण हेच गणित उलटेही होते. जुना लॅपटॉप कुरकुरत का होईना काम उरकत असेल, तर थांबण्याचा खर्च शून्य. मग सवलत कितीही मोठी असो, ती आपल्यासाठी नाही. आणि काम हातात नाही, फक्त मिळेल अशी आशा आहे, अशाने नवेही घेऊ नये आणि जुनेही.

आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबत, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ते थांबणे सक्तीचे होते. गाड्याच पुरत नव्हत्या. आजचे थांबणे आपण होऊन पत्करलेले आहे, आणि त्याला अंत नाही. चार महिन्यांनी नवे मॉडेल आले की त्याच्या पुढच्याची बातमी आलेलीच असते.

या थांबण्याने एक कंपनीच अडचणीत आल्याची गोष्ट सांगतात. अमेरिकेतील ऑस्बोर्न कंपनीने १९८१ साली बरोबर नेता येईल असा संगणक काढला. वजन सुमारे ११ किलो, तरीही तो हातोहात खपला. १९८३ मध्ये कंपनीने याहून चांगला येणार असे आधीच सांगून टाकले. गिऱ्हाईक थांबले, जुना माल पडून राहिला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे वाजले. जाणकार म्हणतात की इतरही कारणे होती, आणि ते बरोबर असावे. पण दुकानदार सवलत का देतो ते या गोष्टीतून कळते. नवे आले की जुन्याला कोणी विचारत नाही. त्याला गोदाम मोकळे करायचे असते. ही त्याची अडचण, आपली नव्हे, एवढे भाव करताना ध्यानात असू द्यावे.

"थांबलं की स्वस्त होतं" हा समजही पारखून घ्यावा. १९६५ साली गॉर्डन मूर यांनी लिहिले की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. १९७५ मध्ये त्यांनी ती मुदत दोन वर्षांची केली. त्यावरून लोकांनी धरले की संगणक नेहमी वेगवान आणि स्वस्तच होत जाणार. पण २०२५ च्या अखेरीस उलटेच झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, चिप ओढून घेतल्या, आणि रॅमचे भाव भडकले. ज्याने दिवाळीत ३२ जीबीचे यंत्र घेतले तो सुटला. वेगाचेही तसेच. एका सालच्या यंत्रावरून पुढच्या सालच्यावर गेल्याने ड्रॉइंगचे काम दुप्पट होत नाही, कारण भाग रेखताना हे प्रोग्रॅम बहुतेक वेळ प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतात. ज्याला बलाची गणिते करायची आहेत, झगझगीत चित्रे काढायची आहेत, त्याला मात्र जादा कोअरचा उपयोग होतो.

एवढे बोललो म्हणून दिसेल ते सवलतीचे यंत्र उचलू नका. बैलबाजारात आपण झूल पाहत नाही, दात पाहतो. इथे दात म्हणजे प्रोसेसरची पिढी. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याअलीकडची वापरलेली वर्कस्टेशने बाजारात फार स्वस्त दिसतात. ती का स्वस्त आहेत हे विकणारा आपण होऊन सांगेलच असे नाही. दुसरे, रॅम खाचेत बसवलेली आहे की पट्टीवर कायमची डकवलेली? खाच असेल तर आज १६ जीबी घेऊन पुढे वाढवता येते. डकवलेली असेल तर पहिल्याच दिवशी पुरेशी घ्यावी. मोठ्या जोडणीच्या ड्रॉइंगला ३२ जीबी बरी. तिसरी बॅटरी. पेटी उघडलेली नसली तरी गोदामात पडल्या पडल्याही बॅटरी म्हातारी होत असते. आणि हमीची मुदत कित्येकदा विक्रीच्या तारखेपासून न मोजता कंपनीने माल पाठवल्या तारखेपासून मोजतात. यंत्राचा अनुक्रमांक दुकानातच कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा, आणि मग पैसे द्यावेत. नावाने गोंधळू नये. डेल कंपनीने २०२५ च्या जानेवारीत प्रिसिजन या नावाऐवजी डेल प्रो मॅक्स हे नाव आणले. नाव जुने झाले म्हणून आतले लोखंड जुने होत नाही.

हप्त्यांविषयी. बिनव्याजी हप्ता ऐकायला गोड लागतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. रोखीची किंमत काय, ती आधी विचारा. फरक दिसला की व्याज कुठे लपले ते कळते. बिल पक्के घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि मुलाच्या कामाची जीएसटी नोंदणी असेल तर बिल त्या नावाने असल्यास हा कर वजा मिळू शकतो. नोंदणी नसेल तर ही आशा धरू नका.

शिक्षकबंधूंना एक सांगायचे आहे. बारावीनंतर मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की पालक तुमच्याकडे येतात, "गुरुजी, कुठला लॅपटॉप घेऊ?" पहिल्या वर्षाला वर्कस्टेशन लागत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना आपले प्रोग्रॅम शिकण्यापुरते फुकट देते, आणि फ्रीकॅड तर सर्वांनाच फुकट आहे. साध्या यंत्रावर हात बसू द्या. तिसऱ्या वर्षी मुलगा किंवा मुलगी खरोखर ड्रॉइंगकडे वळली, तर तेव्हाची सवलत तेव्हा पाहता येईल.

आणि यंत्र गावी आणून काम करायचे असेल, तर चार्जरवरचा वॅटचा आकडा वाचा. या यंत्रांचे चार्जर पुष्कळदा १७० ते २३० वॅटचे असतात, आणि जड कामात बॅटरी दोनतीन तासही तग धरत नाही. वीज गेल्यावर घरातला इन्व्हर्टर पंख्याबरोबर एवढा भार ओढेल का, हे वायरमनला विचारून ठेवा. तो नाही म्हणाला, तर लॅपटॉपच्या पैशातच इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीचे पैसे धरा.