आवाज कुणाचा, नाव कुणाचं?

(वाघोली इथे महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आवाज, रेषा आणि कॉम्प्युटर घेऊन काम करणाऱ्या चित्रकार बायकांवर बोल, असं मला सांगितलं. मी चित्रकार नाही. पस्तीस वर्षं बायकांच्या तक्रारी लिहून घेतल्या, एवढंच माझं काम. पण ही चित्रं पाहताना मला माझ्या कपाटातली एक कॅसेट आठवली, म्हणून उभी राहिलेय.

कॅसेटचं आधी सांगते. १९९० नंतरच्या काही वर्षांत आम्ही इथे खाणींवर यायचो. तेव्हा वाघोली म्हणजे नगर रस्त्यावरचं खेडं, दगडखाणी, क्रशरचा खडखडाट आणि झाडांच्या पानांवरसुद्धा बसलेली पांढरी धूळ. महापालिकेत गाव आलं ते २०२१ साली. खाणीवरच्या एका वडार बाईने माझ्या टेपरेकॉर्डरसमोर तासभर सांगितलं. नवऱ्याचं, मुकादमाचं, उचल घेतल्यावर फिटतच नाही त्या हिशेबाचं. बोलताना हातातली छिन्नी थांबली नव्हती, तो ठोकाही टेपवर आहे. आम्ही भारावलो. पुण्यातल्या एका सभेत ती टेप ऐकवली, आणि नाव-वस्तीसकट तिची ओळख करून दिली. टाळ्या पडल्या. आठ दिवसांत ते तिच्या घरापर्यंत पोचलं. काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. ती पुन्हा आमच्याशी बोलली नाही.

आम्ही तिला विचारलंच नव्हतं. बाईचा आवाज समाजापर्यंत पोचवायचा एवढंच डोक्यात होतं. तो आवाज आमच्या मालकीचा नाही, हे सुचलं नाही.

आता शिल्पा गुप्ता. जन्म १९७६ चा, मुंबईची, जे. जे. मध्ये शिल्पकला शिकलेली. तिचं एक काम २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराच्या कला महोत्सवात मांडलं होतं, त्याच वर्षी आपल्याकडे कोचीलाही आलं. अंधारी खोली. शंभर लोखंडी सळया उभ्या, प्रत्येक सळईच्या टोकाला एक कागद खुपसलेला, त्यावर कवितेच्या ओळी. वरून शंभर माइक लोंबताहेत. हे शंभर कवी त्यांच्या लिहिण्यापायी किंवा राजकारणापायी तुरुंगात गेलेले, आठव्या शतकापासून आजपर्यंतचे, निरनिराळ्या भाषांतले. एक माइक एका कवीच्या ओळी बोलतो आणि मग बाकीचे माइक मागून धरतात, कीर्तनात टाळकरी धरतात तसे.

हो, माइक बोलतो. तिने माइकच्या आत स्पीकर बसवलाय. आपल्याला माइक म्हणजे पुढाऱ्याच्या तोंडासमोरची वस्तू; त्यात बोलायचं, तो दुसरीकडे ऐकू जाणार. इथे तो उलटा फिरवलाय. ज्याचं तोंड बंद केलं त्याच्या वतीने तो तुमच्या कानाशी बोलतो. पण कागद सळईवर टोचलेलाच राहतो. आवाज मिळाला म्हणून जखम भरली असं ती म्हणत नाही, हे मला पटलं.

तिचं आणखी एक काम २००७-०८ चं. शंभर माणसांना तिने सांगितलं, देशाचा नकाशा आठवून काढा. शंभर नकाशे, एकासारखा एक नाही. काल दुपारी आपण तेच वाघोलीचं करून पाहिलं, आठवतंय ना? सोसायट्यांमधल्या मुलींनी हायवे आणि कंपनीची बस थांबते तो कोपरा काढला. त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंनी एकापुढे एक फाटकं काढली, प्रत्येक फाटकापाशी वॉचमन. खाणीकडच्या मावशींच्या कागदावर पाण्याचा टँकर शाळेपेक्षा मोठा होता. पोलीस चौकी एकीनेही काढली नाही. चित्रकला येत नाही म्हणून आधी सगळ्या लाजत होत्या. मला विचाराल तर सर्वेक्षणाच्या दहा फॉर्मपेक्षा ते कागद जास्त बोलतात.

दुसरी, नलिनी मलानी. १९४६ मध्ये कराचीला जन्म, फाळणीत कुटुंब इकडे आलं. तीही जे. जे. चीच. मुंबईच्या लोहार चाळीत, हातगाड्यांच्या गर्दीत तिचा स्टुडिओ होता. १९८७ ते ८९ मध्ये अर्पिता सिंग, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि ती, अशा चौघी आपली चित्रं घेऊन गावोगाव फिरल्या. बायकांनी एकत्र येऊन असं प्रदर्शन फिरवणं तेव्हा नवंच होतं. सत्तरी ओलांडल्यावर या बाईने आयपॅड हातात घेतला आणि बोटाने चित्रं काढायला लागली. ती हलती चित्रं भिंतींवर एकमेकींवर आदळतात, मध्येच शब्द उमटतात, पुसले जातात, सोबत आवाज. अठ्ठ्याऐंशी चित्रफिती. २०२० मध्ये लंडनला दाखवल्या. नाव दिलंय, 'मी ऐकू येतेय का तुम्हाला?' अशा अर्थाचं. जानेवारी २०१८ मध्ये कठुआत आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारलं, ते या नावामागे आहे.

त्या मुलीचं नाव मी घेणार नाही. पीडितेची ओळख उघड करायची नाही, असं कायदा १९८३ पासून सांगतो. इथे नाव झाकूनही हाक ऐकू येते.

मग नाव नेहमी झाकावं का? तसंही नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्यात राहून, खेड्यापाड्यांतल्या बायकांना सोबत घेऊन, एक लाखावर ओव्या जमवल्या. मावळ-मुळशीपासून बीडपर्यंतच्या. बर्नार बेल यांनी कित्येक तास आवाज टेप केला. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्याही त्यात आहेत. २०१७ पासून हा ठेवा इंटरनेटवर 'पारी'च्या पानांवर येऊ लागला. आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही, दारावरच्या पाटीवर नाही, त्यांचं ते तिथे आहे. एरवी 'लोकगीत' म्हटलं की बाई गायब होते. कुणी गायलं? लोकांनी!

म्हणजे एकीचं नाव झाकायला हवं, एकीचं ठळक लिहायला हवं. ठरवणार कोण? कार्यकर्ती नाही, चित्रकार नाही, पत्रकार तर नाहीच.

आज प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे. कुणी रडायला लागली की आपण रेकॉर्डिंगचं बटण दाबतो, पाच मिनिटांत ते ग्रुपवर जातं. माझी कॅसेट एका सभेपुरती वाजली, तुमची क्लिप परत बोलावता येत नाही. म्हणून विनवते, आधी विचारा. रेकॉर्ड केलेलं तिलाच आधी ऐकवा. 'हे काढ' म्हणाली तर तिच्यासमोर पुसा. आणि दुसरीकडे वाजवायचं असेल तेव्हा पुन्हा विचारा. गेल्या वर्षी दिलेला होकार यंदा चालेलच असं नाही, तिचं घर बदललेलं असेल, मुलगी लग्नाची झालेली असेल. वेळ लागतो याला. मोर्चाच्या आदल्या रात्री हे जमत नाही, हेही खरं.

ती कॅसेट मी आज पिशवीत आणलीय. माझी नाही ती. खाणीवरच्या जुन्या बायकांपैकी कुणी तेव्हा तिथे कामाला असेल, तर भाषण झाल्यावर मागच्या खोलीत मला भेटा. तिचं नाव मी इथे माइकवर घेणार नाही.