२४ एप्रिल : आयर्लंडची तारीख आणि आयर्लंडची तिथी



शिवजयंती तारखेने साजरी करावी की तिथीने, हा वाद आपल्याकडे दरवर्षी रंगतो. आयर्लंडने असाच प्रश्न केव्हाच निकालात काढला आणि कौल तिथीला दिला. डब्लिनच्या सशस्त्र उठावाची तारीख २४ एप्रिल १९१६. तो ईस्टरचा सोमवार होता. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणारा रविवार, म्हणजे चंद्रगतीवर चालणारा सण. आयर्लंड आपल्या हुतात्म्यांचे स्मरण ईस्टरलाच करते. त्यामुळे शताब्दीचा मुख्य सोहळा २०१६ साली २७ मार्चला झाला. १९४९ मध्ये प्रजासत्ताक अस्तित्वात आले तेही ईस्टरच्या सोमवारी, १८ एप्रिलला.

पण तारीखही मुकी नसते. २४ एप्रिल १७४३ रोजी इंग्लंडमध्ये एडमंड कार्टराइट जन्मला. पेशाने हा धर्मोपदेशक. पण भिवंडी-इचलकरंजीत ज्याचा खडखडाट आजही ऐकू येतो, त्या यंत्रमागाचे पहिले एकस्व १७८५ मध्ये त्याच्याच नावावर नोंदले गेले. १८१५ साली याच तारखेला लंडनमध्ये कादंबरीकार अँथनी ट्रॉलप जन्मला. १८४१ मध्ये टपाल खात्याचा कारकून म्हणून तो आयर्लंडमधील बॅनहर गावी गेला. त्याची पहिली कादंबरी आयरिश जीवनावरची आहे. आयरिश माणसांवर त्याने प्रेम केले, परंतु त्यांच्या स्वराज्याच्या मागणीला अखेरपर्यंत विरोध केला. सज्जन साम्राज्यवादी असतो तो असा! टपाल खात्याच्या या नोकराच्या जन्मदिनीच पुढे डब्लिनचे मुख्य टपाल कार्यालय बंडाचे ठाणे व्हावे, हा निव्वळ योगायोग. पण तो लक्षात राहण्याजोगा आहे.

आयर्लंडच्या राजकारणात बंदूक प्रथम मोठ्या प्रमाणावर आणली ती स्वातंत्र्यवाद्यांनी नव्हे, हे पुष्कळदा विसरले जाते. १९१२ मध्ये आयर्लंडला मर्यादित स्वराज्य देणारे विधेयक ब्रिटिश संसदेत आले. उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील प्रॉटेस्टंटांनी त्याविरुद्ध स्वयंसेवक दल उभे केले. २४ एप्रिल १९१४ च्या रात्री लार्न आणि शेजारच्या बंदरांत या दलाने जर्मनीतून आणलेल्या सुमारे २५ हजार रायफली उतरवून घेतल्या. पोलीस पाहत राहिले. कोणावरही खटला झाला नाही. त्याच वर्षी २६ जुलैला राष्ट्रवादी स्वयंसेवकांनी डब्लिनजवळ जेमतेम हजारभर रायफली उतरवल्या, तेव्हा मात्र त्याच दिवशी सैन्याच्या गोळीबारात नागरिक ठार झाले. कायदा कोणाचा असतो, हे आयरिश तरुणांना यानंतर कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

बरोबर दोन वर्षांनी तो सोमवार उजाडला. परिस्थिती निराशाजनक होती. जर्मनीहून शस्त्रे आणणारे जहाज इंग्रजांच्या हाती सापडून बुडाले होते. स्वयंसेवकांचे प्रमुख इऑन मॅकनील यांनी रविवारचे संचलन रद्द केल्याचा आदेश वृत्तपत्रातून प्रसिद्ध केला होता. तरीही सोमवारी हजार-बाराशे माणसे जमली. दुपारी बाराच्या सुमारास त्यांनी टपाल कार्यालय ताब्यात घेतले आणि पॅट्रिक पिअर्स यांनी पायऱ्यांसमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. पिअर्स शिक्षक होते. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी त्यांनी नियतकालिक चालवले, १९०८ मध्ये शाळा काढली. त्यांच्याच जाहीरनाम्यात आयरिश भाषेला मथळ्याच्या एका ओळीपुरती जागा मिळाली. बाकी मजकूर इंग्रजीत छापावा लागला. पारतंत्र्याने काय हिरावून नेले होते, ते त्या एका कागदावरून दिसते.

सहाव्या दिवशी शरणागती झाली. सुमारे ४८५ माणसे मेली, त्यांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक. चाळीसच्या आसपास मुले होती. शौर्याची गाथा सांगताना हा आकडा गाळण्याची सवय आयर्लंडलाही फार काळ होती. त्या आठवड्यात डब्लिनच्या जनतेचा मोठा भाग बंडखोरांवर संतापलेला होता, कारण अनेक घरांतील मुलगे फ्रान्समध्ये ब्रिटिश सैन्यात लढत होते.

हे मत फिरवले इंग्रजांनीच. ३ ते १२ मे या काळात, बंद दाराआड चाललेल्या लष्करी न्यायालयांच्या निकालावरून पंधरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. जखमी जेम्स कॉनली यांना उभे राहता येईना, म्हणून त्यांना खुर्चीला बांधून मारले. १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा शिन फेन पक्षाने जिंकल्या. सनदशीर मार्गाने स्वराज्य मागणारा जुना पक्ष सहा जागांवर आला. विशेष म्हणजे, डब्लिनमध्ये तोफा धडाडत असतानाच, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना होत होती. ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडचा. तो आपल्याकडे रुजला, नेमका त्याच आठवड्यात मायभूमीत त्याचे दिवस सरले.

त्याच २४ एप्रिलला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकाजवळील एलिफंट बेटावरून सहा माणसे एका छोट्या होडीतून निघाली. हिमसमुद्रात जहाज गमावलेल्या बावीस सोबत्यांसाठी मदत आणायची होती. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. सहांपैकी तिघे आयरिश होते : नेता अर्नेस्ट शॅकल्टन, टॉम क्रीन आणि टिमोथी मॅकार्थी. आपल्या देशात काय पेटले आहे, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. होडी पोहोचली आणि पुढे बावीसही जण वाचले. मॅकार्थी १९१७ मध्ये युद्धात समुद्रावरच मारला गेला. क्रीन परतला तो ब्रिटिश नौदलाची पदके घेऊन. त्याचा भाऊ ब्रिटिशांच्या पोलीस दलात होता. एप्रिल १९२० मध्ये आयरिश क्रांतिकारकांनीच त्याला ठार केले. क्रीनने आपल्या गावी ‘साउथ पोल इन’ नावाचे मद्यगृह काढले, आणि ध्रुवावरच्या पराक्रमाबद्दल तो उर्वरित आयुष्यात फारसा बोलला नाही. गावात त्याचा पुतळा उभा राहिला तो २००३ साली.

२४ एप्रिल १९९३ रोजी, शनिवारी सकाळी, पिअर्स यांचा वारसा सांगणाऱ्या आयआरएने लंडनच्या बिशप्सगेट भागात मालमोटारीतून बॉम्बस्फोट घडवला. एक वृत्तछायाचित्रकार ठार झाला, चाळीसहून अधिक जखमी झाले. १६६६ ची भीषण आग आणि हिटलरची विमाने यांतून तगलेले सेंट एथेलबर्गाचे मध्ययुगीन चर्च कोसळले. ते पुन्हा बांधून २००२ मध्ये समेटासाठीचे केंद्र म्हणून उघडण्यात आले. तोवर उत्तर आयर्लंडमध्ये करार होऊन चार वर्षे लोटली होती. कराराची तारीख १० एप्रिल १९९८. राष्ट्रवादी आयरिश त्याला तिथीने ‘गुड फ्रायडे करार’ म्हणतात; ब्रिटनशी निष्ठा राखणारे ते नाव टाळून ‘बेलफास्ट करार’ म्हणणे पसंत करतात.